घे म्हटल्याशिवाय

बोरसे नाना रिटायर झाले आणि आमच्या कॉलनीचं खरं शिक्षण सुरू झालं. तोवर त्यांची कवायत शाळेच्या मैदानापुरती होती. मैदान सुटलं, पण शिट्टी गळ्यातच राहिली.

धुळ्याला देवपूरच्या पुढे, घरं संपून कपाशीची शेतं लागायची तिथे आमची छोटी कॉलनी होती. नानांची आणि आमची भिंत एकच. मी पाटबंधारे खात्यात कारकून, लग्न नुकतंच झालेलं, आणि उशिरा उठण्याची जुनी खोड. तिथल्या पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून शिट्टी वाजली आणि पाठोपाठ "सावधान" असा आवाज आला. मी अंथरुणातल्या अंथरुणात ताठ झालो. बायको अजून हे पाहुण्यांना सांगून हसते. ती आज्ञा कुत्र्याला होती, हे मला चहा पिताना कळलं.

नाना म्हणजे उभ्या जन्माचे पी.टी.चे सर. अंगात खाकी हाफ पँट, तिला अशी इस्त्री की कडेने बोट कापावं. कॅनव्हासचे बूट खडू लावून पांढरे केलेले. भाजीबाजारात जातानाही शिट्टी गळ्यात असायचीच. एकदा रॉकेलच्या रांगेत रेटारेटी झाली. नानांनी शिट्टी मारून सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, म्हाताऱ्या बायकांना पुढे घेतलं आणि स्वतः शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी येईपर्यंत रॉकेल संपलं. रिकामा डबा घेऊन ते ज्या ऐटीत परत आले, ती बघून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण माझा डबा भरलेला होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अंगावरची शिस्त धुतली की जाते. शिस्त पोटात उतरली पाहिजे." हे ते पोटावर हात ठेवून सांगायचे आणि मग बहुधा मामाची गोष्ट निघायची. नाना लहानपणी शिरपूरकडे मामाच्या घरी वाढले. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. ताट पुढे आलं तरी मामा "ले", म्हणजे घे, म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. मामा कधी मुद्दाम शेतावर निघून जायचा आणि पोरं ताटापुढे बसून राहायची. "भाकरी वाळून जायची समोर. पण हात नाही लावला. म्हणून आज माणूस झालो," नाना म्हणायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुललेला असायचा. मला मात्र दर वेळी त्या ताटापुढच्या पोराची कीव यायची. ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्यांच्या घरात मामाची ती रीत तशीच चालू होती. यमुनाअक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, नानांचं झाल्यावर जेवायच्या, यात त्या पिढीत नवल काही नव्हतं. पण नानांचं जेवण झालं, हात धुऊन झाले, की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन "जेवी ले आते", आता जेवून घे, म्हणायचे आणि मग अक्का ताट वाढून घ्यायच्या. घरात बोलणं अहिराणी, आज्ञा मात्र बाहेर शुद्ध मराठीत. एक दिवस नाना घाईत बाहेर गेले आणि म्हणायचं विसरले. माझी बायको दुपारी उशिरा विरजण मागायला गेली, तर अक्का झाकलेल्या ताटाशी बसलेल्या.

"त्यास्नी सांगं नही ना अजून," अक्का म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. बायकोला काही हसू आलं नाही.

मुलगा एकच, अशोक. त्याची वरणगावला कारखान्यात नोकरी, बायको-मुलगी तिकडेच. सणावाराला यायचा तेव्हा गणपतीची मागची सजावट तो रंगवायचा. पडद्यावर सातपुड्याचे डोंगर असे उतरवायचा की आमच्या कॉलनीचा गणपती बघायला दुसऱ्या गल्लीतली माणसं यायची. चित्रकलेचा कोर्स करायची त्याची फार इच्छा होती. नानांनी "कारखाना" असा एक शब्द उच्चारला आणि विषय संपला. तिशी उलटलेला हा माणूस वडील ओट्यावर आले की उठून उभा राहायचा, आणि ते "बस" म्हणेपर्यंत बसायचा नाही. आवाज तर इतका हळू, की त्याला सगळं दोनदा विचारावं लागे.

मी रविवारी ज्याच्यामुळे ताठ झालो तो कुत्रा म्हणजे मोत्या. नानांनी त्याला सगळं शिकवलं होतं. सावधान म्हटलं की ताठ बसायचा, विश्राम म्हटलं की आडवा पडायचा, पंजा कपाळाकडे नेऊन सलाम करायचा. एका पावसाळ्यात कपाशीच्या शेतात कोणीतरी डुकरांसाठी विषाचे पिठाचे गोळे ठेवले होते. मोत्याने त्यातला एक खाल्ला. नानांच्या ओट्यावर येऊन तो तडफडला आणि गेला.

नाना रडले नाहीत. शेताच्या बांधाला खड्डा खणताना एवढंच म्हणाले, "मी त्याला सलाम शिकवला. तोंड बंद ठेवायला शिकवलं नाही. चूक मास्तरची." त्या दिवशी ते जेवले नाहीत, म्हणून अक्काही जेवल्या नाहीत.

महिनाभरात ते शिरपूरकडून एक पिल्लू घेऊन आले. भुरकट रंगाचं, म्हणून नाव भुऱ्या. या वेळी शिक्षण उलट्या टोकाने सुरू झालं. सलाम नाही, कसरत नाही. आधी तोंड.

रोज सकाळी अंगणात धडा चालायचा. सुतळीला बांधलेलं पिल्लू, समोर दुधात भिजवलेली भाकरी. पिल्लू झेपावलं की नाना भाकरीवर तळहात झाकायचे. ते मागे सरून बसलं की तळहात उचलायचे. पुन्हा झेपावलं, पुन्हा झाकण. नाना कधी चिडले नाहीत, त्याला कधी मारलं नाही. शेवटी पिल्लाच्या ध्यानात यायचं की पुढे गेलं तर भाकरी नाहीशी होते, मागे बसलं तर उरते. मग "सावधान" म्हटलं की ते ताठ बसून नानांच्या तोंडाकडे बघायचं. नाना तळहात उभा धरून "थांब" म्हणायचे, चार पावलं मागे जायचे, परत यायचे, खाली वाकायचे आणि म्हणायचे, "घे." त्या एका शब्दात जी माया असायची ती मी नानांच्या तोंडून एरवी कधी ऐकली नाही. भिंतीअलीकडे दात घासता घासता मी त्या शब्दाची वाट बघायचो.

पुढचा धडा परक्या हाताचा. नानांनी ज्वारीच्या पिठाचे गोळे केले, आत मिरचीचा ठेचा भरला आणि कॉलनीत घरोघर वाटले. प्रत्येकाने एकेक गोळा भुऱ्याला प्रेमाने खाऊ घालायचा. मलाही एक मिळाला होता. पिल्लू ठसकायचं, नाक घासत फिरायचं, आणि नाना ओट्यावरून बघत राहायचे. थोड्याच दिवसांत कॉलनीत कोणाच्या हातचं ते हुंगेनासं झालं. इथे थांबायला हरकत नव्हती. पण नाना थांबले नाहीत. एक गोळा त्यांनी अक्कांच्या हातावर ठेवला.

माझी बायको तेव्हा तिथेच गहू निवडत बसली होती. भुऱ्याची भाकरी अक्काच थापायच्या, थंडीत त्याला जुन्या लुगड्यात त्याच गुंडाळायच्या. त्यांनी हात मागे घेतला.

"मना हातनं नको," त्या म्हणाल्या. "लेकरू शे ते."

नाना शांतपणे म्हणाले, "एक हात सोडला की शिस्त मेली. मोत्यासारखा मरू द्यायचा का?"

अक्कांनी आयुष्यात त्यांचा शब्द मोडला नव्हता. त्या खाली बसल्या, भुऱ्याला हाक मारली. ते शेपटी हलवत आलं, त्यांच्या हातातून गोळा घेतला आणि चावला. मग केकाटत पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलं. अक्का नळाखाली बराच वेळ हात धूत राहिल्या. मिरची तर त्यांच्या हाताला लागलीच नव्हती, असं बायको म्हणाली.

तेव्हापासून भुऱ्याची भाकरी अक्का थापायच्या आणि नाना द्यायचे. अक्कांच्या पायाशी तो झोपायचा, त्यांच्या मागेमागे फिरायचा, पण त्यांच्या हातचा कण घ्यायचा नाही.

सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडावंदन झालं की नाना भुऱ्याला मैदानात आणायचे. पुढ्यात जिलब्यांची ताटली. सगळ्यांनी त्याला बोलवायचं, चुचकारायचं, जिलबी नाकाशी धरायची. भुऱ्याच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत जायची, पण तो हलायचा नाही. नाना मागे हात बांधून उभे, नजर दुसरीकडे. मग ते "घे" म्हणाले की टाळ्या पडायच्या. अशा एका सव्वीस जानेवारीला अशोक आलेला होता. टाळ्या चालू असताना तो माझ्याजवळ सरकला आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "भुऱ्याचं बरंय, भाऊ. त्याला कधीतरी घे म्हणतात तरी."

मी वळून बघितलं, तर तोही टाळ्या वाजवत होता.

मग तो उन्हाळा आला. सकाळची वेळ, नेहमीचा धडा. मी भिंतीशी दात घासत होतो. नानांनी भाकरी ठेवली, तळहात उभा धरला, "थांब" म्हणाले आणि मागे सरकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला म्हणून मी डोकावलो. नाना तोंड उघडून उभे होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते उजव्या अंगावर कोसळले.

पुढची धावपळ सांगत नाही. रिक्षा, दवाखाना, वरणगावला निरोप. लकवा होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. संध्याकाळी मी अक्कांना घेऊन घरी आलो, तर भुऱ्या अंगणात त्या भाकरीपुढे तसाच बसलेला. भाकरी उन्हाने कडक होऊन तिच्या कडा वर आल्या होत्या, मुंग्या लागल्या होत्या. नाना "थांब" म्हणून गेले होते.

त्याने खाणं सोडलं, असं कॉलनीत म्हणायला लागले. मला ते पटत नव्हतं. तो सोडत नव्हता, वाट बघत होता. पाणी प्यायचा, भाकरी ठेवली की सावधान बसायचा, फाटकाकडे बघायचा. बायकोने दूध ठेवलं, कोणी मटणाचा रस्सा आणला, जनावरांच्या डॉक्टरांनी भूक लागली की खाईल म्हणून सांगितलं. भूक तर लागलीच होती. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, बसल्या जागी अंग थरथरायला लागलं. अक्का दवाखान्यातून येऊन त्याच्यापुढे बसायच्या, भाकरीचा तुकडा धरायच्या, आणि तो तोंड फिरवायचा. चोर फिरला नाही, विषाचा गोळा पुन्हा कोणी ठेवला नाही. त्या सगळ्या शिस्तीने अडवले ते फक्त मायेचे हात. मला तेव्हा नानांचा संताप आला. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर रागवू नये हे कळत होतं, तरी आला.

आमच्या घरून गेलेला अक्कांचा डबाही तसाच परत यायचा. विचारलं की म्हणायच्या, "त्यास्नी डोळा उघडू द्या, मंग जेवसू."

अशोकनं रजा काढली होती. एके दुपारी तो भुऱ्यापुढे बसला आणि "घे रे, भुऱ्या, घे" म्हणाला, नेहमीच्या हळू आवाजात. कुत्र्याचा कानही हलला नाही.  अशोक उठून घरात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात नानांची शिट्टी होती. तो अंगणात मधोमध उभा राहिला, पाय जुळवले, शिट्टी मारली आणि ओरडला, "भुऱ्या, सावधान."

भिंतीअलीकडे मी पुन्हा ताठ झालो. आवाज तोच होता, नानांचा, खर्जातला, धारदार. अक्का डोक्यावर पदर घेत लगबगीने दारात आल्या आणि मुलाला बघून थिजल्या. भुऱ्या लटपटत उठला, ताठ बसला. अशोकनं तळहात उभा धरला. "थांब." मग वाकून, "घे."

भुऱ्या तुटून पडला. खाताना त्याच्या घशातून रडल्यासारखा आवाज येत होता. अशोकनं शिट्टी काढून खिशात टाकली. मग तो भिंतीशी आला.

"भाऊ, हा आवाज माझ्यात कुठे होता?" तो म्हणाला. "माझी पोरगी तीन वर्षांची आहे. तिने ऐकला तर?"

मी भिंतीवरून त्याला पाण्याचा तांब्या दिला.

पण अशोक जन्मभर इथे राहणार नव्हता, आणि तो गेला की कुत्रा पुन्हा उपाशी. म्हणून त्याने नानांचा धडा मागून पुढे उलगडायला घेतला. अक्कांना शेजारी बसवायचं. भाकरीचा तुकडा अक्कांच्या तळहातावर, अक्कांचा तळहात त्याच्या तळहातावर. अशोकनं "घे" म्हणायचं. पहिल्यांदा भुऱ्या भाकरी हुंगून मागे सरला, अक्कांच्या हातून चाखलेला कितीतरी जुना तिखटपणा त्याला आठवत असावा. अशोक घाई करायचा नाही. वडिलांचा धीर तेवढा त्याने पुरेपूर उचलला होता. एक दिवस भुऱ्याने ओठांच्या टोकाने तुकडा उचलला. मग अशोक रोज आपला हात थोडा थोडा मागे घेऊ लागला, नुसता मनगटाशी, मग कोपराशी. आवाजही रोज थोडा उतरवत गेला, त्याच्या स्वतःच्या आवाजापर्यंत. ज्या सकाळी अक्कांच्या एकट्या हातातून भुऱ्याने भाकरी खाल्ली, त्या सकाळी अक्का त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने रडल्या. नवरा पडल्यापासून त्या पहिल्यांदा रडत होत्या.

नानांना घरी आणलं. त्याच सुमारास माझी जळगावला बदली झाली. निघण्याआधी एका दुपारी मी निरोप घ्यायला गेलो.

नाना ओट्यावर खुर्चीत होते. हाफ पँट नव्हती, लुंगी होती, आणि उजवा हात मांडीवर उताणा पडलेला. शेजारी भुऱ्या. अक्का दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने त्यांच्या ओठांशी धरून उभ्या होत्या आणि नाना ओठ उघडत नव्हते. रोज असंच चालतं, अक्का म्हणाल्या, दवाखान्यात नळी होती म्हणून निभावलं. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, हे त्यांच्याही पोटात उतरलेलं होतं. चमच्यातलं दूध हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळत होतं आणि ते समोर कुठेतरी बघत होते, सव्वीस जानेवारीला बघायचे तसे.

अशोक आतून आला. तो खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि अक्कांच्या चमच्याच्या हाताखाली त्याने आपला तळहात धरला.

"घ्या, नाना," तो म्हणाला. हळू, त्याच्या स्वतःच्या आवाजात.

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं ते मान फिरवणार. मग त्यांचे ओठ सुटले आणि चमचा आत गेला. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा.

वाटी संपत आली तेव्हा नानांनी डावा हात हलवला. ताटलीत भाकरीचा कोरडा चतकोर उरला होता. तो त्यांनी मोठ्या कष्टाने उचलला आणि अशोकपुढे धरला. तोंड वाकडं होऊन हलायला लागलं, घशातून नुसती हवा येत होती. काय म्हणायचंय ते ओट्यावरच्या सगळ्यांना कळत होतं. अशोक गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. भाकरी त्याच्या अगदी समोर होती. तो हात पुढे करत नव्हता.

भुऱ्यासुद्धा सावधान बसला.

शेवटी अक्का बोलल्या. नाना समोर असताना त्यांच्याआधी बोललेल्या मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"ले रे, भाऊ," त्या मुलाला म्हणाल्या. "आते कोन सांगी तुले?"

अशोकनं भाकरी घेतली. नानांचा हात रिकामा झाला, तरी तो तसाच पुढे होता आणि तोंड हलतच होतं.